पीळदार मिशांचे मांजर

न्यू जर्सीतल्या माझ्या मुलाच्या घरी 2025 च्या उन्हाळ्यात एका मांजरावरून भांडण झाले. मांजर खरे नव्हते. ते टेलिव्हिजनच्या पडद्यावरचे, ठोकळ्याठोकळ्यांनी बनलेले, आणि त्याच्या मिशा एखाद्या संस्थानी दिवाणाला शोभाव्यात अशा पीळदार होत्या. त्याचे नाव दाली. स्पेनच्या त्या विक्षिप्त चित्रकाराच्या मिशा ज्यांनी चित्रांत पाहिल्या असतील त्यांना नावाचे कारण सांगायला नको.

माझी नात म्हणत होती की असा खेळ दहा वर्षांत झाला नाही. नातू म्हणत होता की असा खेळ कधीही होऊ नये. दोघांनीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलेला होता, म्हणजे प्रत्येकी पंचवीसेक तास त्यावर घालवले होते. ज्याला एखादी वस्तू इतकी वाईट वाटते त्याने पंचवीस तास तिच्याशी झटत का बसावे, हा प्रश्न मी विचारला तेव्हा दोघेही माझ्याकडे वळले आणि मला मध्ये बसवून त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. मी चाळीस वर्षे मराठी शाळेत शिकवले आहे. दोन मुले भांडत असली की मध्ये बसणे हा माझा धंदाच होता म्हणाना!

आता हा खेळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. आपल्या घरांतून मुले मोबाईलवर जे गोळीबाराचे खेळ खेळतात त्यांतला हा नव्हे. यात तुम्ही एका पात्राचे सोंग घ्यायचे. त्याला गावातून फिरवायचे, लोकांशी बोलवायचे, सोबती जमवायचे, आणि वाटेत कोणी आडवे आले की लढायचे. लढाईसुद्धा सोंगट्यांसारखी, आधी तुमची पाळी, मग त्यांची. कादंबरी आणि सारीपाट यांचे लग्न लावले तर जे अपत्य होईल ते हे. इंग्रजीत त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. जपानी लोकांनी या प्रकारात मोठे नाव मिळवले, आणि त्यांच्या बहुतेक खेळांत तलवारी, राक्षस, राजकन्या असा सगळा थाट असतो.

या खेळाचे नाव लिहितात 'यीक' असे, पण वाचायचे 'वाय टू के'. मधले दोन 'आय' म्हणजे रोमन दोन. अँड्र्यू आणि ब्रायन अ‍ॅलनसन या दोन भावांनी आपल्या 'अ‍ॅक स्टुडिओज' या छोट्याशा संस्थेतर्फे तो काढला आणि 2019 च्या जानेवारीत तो विक्रीला आला. बड्या कंपनीचे शेकडो लोकांचे काम नव्हे हे. घरगुती कारखानाच म्हणायचा. गोष्टीचा काळ 1999 आणि स्थळ न्यू जर्सीतले फ्रँक्टन नावाचे गाव. ते गाव कल्पनेतले, पण अंगणे, गराज, सामसूम रस्ते आमच्या खिडकीतून दिसत होते तसेच.

अ‍ॅलेक्स नावाचा लाल दाढीवाला तरुण कॉलेज संपवून घरी परततो. हातात पदवी, पण नोकरी नाही. आई बिचारी एकटी. ती त्याला वाणसामानाची यादी देते आणि दुकानात पिटाळते. वाटेत ते मिशाळ मांजर यादी पळवते. त्याच्या मागे मागे तो एका ओसाड इमारतीत जातो, तिथे त्याला सॅमी नावाची मुलगी भेटते, आणि परतताना लिफ्टमध्ये काही अगम्य आकृत्या येऊन तिला डोळ्यांदेखत ओढून नेतात. झाले. तिथून पुढे तो, त्याचा जुना मित्र, एक गाणेवाली मुलगी, बहिणीच्या मृत्यूने खचलेला एक पोरगा, हरवलेल्या भावाला शोधणारे एक बहीणभाऊ असे सगळे मिळून त्या नाहीशा झालेल्या मुलीचा माग काढत निघतात. मग कळते की आपल्या जगासारखी दुसरीही जगे आहेत, आणि 1999 संपता संपता काहीतरी भयंकर होणार आहे.

यात तलवारीऐवजी काय असावे? ग्रामोफोनच्या तबकड्या! अ‍ॅलेक्स शत्रूवर तबकड्या चालवतो. पडद्यावर एक तबकडी फिरू लागते आणि तिच्यावरच्या रंगीत भागाशी बरोबर बटण दाबले की वार लागतो. माझ्याकडून पहिल्या दिवशी एकही वार लागला नाही. नात म्हणाली, "आजी, तू सुईकडे बघ, तबकडीकडे नको." हे मला आमच्या लग्नातल्या ग्रामोफोनच्या वेळी कोणी सांगितले असते तर दोन तबकड्यांवरचे ओरखडे वाचले असते.

खेळ निघाला त्या साली लोकांचे म्हणणे काय पडले, ते मला नातवाने मोठ्या उत्साहाने सांगितले. संगीत वाखाणले गेले. अनेक संगीतकारांनी त्याला चाली दिल्या आहेत. त्यांत 'अंडरटेल' या गाजलेल्या खेळाचे कर्ते टोबी फॉक्सही आहेत आणि जपानचे हिरोकी किकुता हेही. रंगांचेही कौतुक झाले. पण लढाया! एकेक लढाई रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी चाले. साध्या किरकोळ शत्रूला लोळवायलाही प्रत्येक वाराला तो तबकडीचा खटाटोप. आणि त्याहून मोठी तक्रार अ‍ॅलेक्सबद्दल. हा बोलतो फार. गोष्ट चाललेली असताना मध्येच थांबून आपल्या मनातले खेळणाऱ्याला लांबण लावून ऐकवतो. आईशी तुसडेपणाने वागतो, मित्रांच्या दुःखाला आपल्या दुःखाची उपमा देतो, आणि हरवलेल्या मुलीचे दुःख करता करता तेही स्वतःभोवतीच फिरवतो.

"असल्या माणसाचं सोंग मी पंचवीस तास का घ्यायचं?" नातवाचा सवाल.

"तो तसाच असायला हवा म्हणून तर तो तसा आहे," नातीचा जवाब. "सगळ्या खेळांत नायक भला असतो. हा नाही. आणि तो तसा नाही हे गोष्टीला ठाऊक आहे. शेवटाकडे त्याला त्याचा जाब द्यावा लागतो."

"जाब वीस तासांनी येतो! तोवर मी म्हातारा होतो."

मी वाचकांना खरे सांगते, मला दोघांचेही पटत होते. कादंबरीत वाईट नायक आपण सहन करतो, कारण तो पुस्तकात असतो आणि आपण खुर्चीत. इथे त्याचे पाय आपल्याला हलवावे लागतात. तो आईला टाकून बोलला तर ते बटण आपल्या अंगठ्याने दाबलेले असते. हा त्रास खेळ करणाऱ्यांनी मुद्दाम दिला की त्यांच्या हातून झाला, यावर तिकडे माणसे अजून हिरिरीने वाद घालतात. कर्त्यांपैकी एकाने त्या वेळी मुलाखतीत काहीसे कडवटपणे बोलून दाखवले की लोकांना न आवडणारा नायक खेळात चालतच नाही. त्यावरून आणखी गदारोळ उठला. स्वयंपाक खारट झाला हे पाहुण्यांनी म्हणायच्या आत यजमानीणबाईने "तुम्हांला चवच कळत नाही" म्हणावे, तसेच काहीसे ते झाले असावे.

एका बाबतीत मात्र मी नातवाच्या बाजूची. 2013 साली लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलात एका तरुण विद्यार्थिनीचा मृत्यू झाला होता. लिफ्टमधले तिचे शेवटचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. खेळातला लिफ्टचा प्रसंग त्याच्यावरून घेतलेला आहे हे लोकांनी ताबडतोब ओळखले, आणि पुष्कळांना ते आवडले नाही. मलाही नाही. त्या मुलीला आईबाप असतील. त्याशिवाय हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराच्या 'आफ्टर डार्क' मधल्या मजकुराशी फारच जुळणारा मजकूर खेळात सापडला. कर्त्यांनी ते आदराने केलेले स्मरण असल्याचे सांगितले. मी चाळीस वर्षे मुलांचे निबंध तपासले आहेत. आदराने केलेली स्मरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

नात हार मानणारी नव्हती. तिने मला या खेळाच्या आजोबांची गोष्ट सांगितली. जपानमध्ये शिगेसातो इतोई नावाचे एक नामांकित जाहिरात-लेखक आहेत. त्यांनी 1989 मध्ये 'मदर' नावाचा खेळ काढला आणि 1994 मध्ये त्याचा दुसरा भाग. त्यात तलवारीऐवजी बेसबॉलची बॅट, राजवाड्याऐवजी औषधाचे दुकान, आणि नायक म्हणजे टोपी घातलेला शाळकरी पोरगा. दुसरा भाग 1995 मध्ये अमेरिकेत 'अर्थबाउंड' या नावाने आला तेव्हा त्याची जाहिरात 'या खेळाला घाण वास येतो' अशा अर्थाची केली होती, आणि खरोखरच खाजवून हुंगायचे वासाचे कागद वाटले होते! खेळ तिथे पडला. आणि आज? त्या वेळच्या प्रती लोक जपून ठेवतात, आणि तो खेळ लहानपणी खेळलेली माणसे मोठी होऊन स्वतः खेळ करू लागली. अ‍ॅलनसन बंधूंच्या खेळावर त्याची छाप आहे, आणि टोबी फॉक्स तर त्यांतलेच. "आज हसतात ते उद्या रडतात," असा नातीचा रोख. नातू म्हणाला, "प्रत्येक पडलेला खेळ 'अर्थबाउंड' नसतो." हे वाक्य मला आवडले. आमच्याकडच्या पडलेल्या नाटकांच्या नाटककारांना ते ऐकवावेसे वाटले.

पण यीकच्या बाबतीत एक नवल घडले खरे. थट्टा करता करता माणसे त्यात गुंतली. कित्येकांनी त्याच्यावर तास-तासभराची विवेचने केली, आधी टिंगलीची, मग गंभीर, मग थेट भक्तीची. आणि कर्ते भाऊ खेळ टाकून पळाले नाहीत. ते तो दुरुस्त करीत राहिले, आणि 2024 मध्ये त्यांनी त्याची जवळजवळ नवी आवृत्तीच काढली. लढायांची रीत बदलली, गोष्टीत भर घातली. ज्या खेळावर जग हसले त्याच्यापाशी पाच-सहा वर्षे बसून राहायचे, याला चिकाटी म्हणावी की हट्ट म्हणावा हे मला ठरवता आले नाही.

इथवरचे भांडण गमतीचे होते. पुढचे नव्हते.

माझा नातू 2024 मध्ये कॉलेजातून उत्तीर्ण झाला. त्याला नोकरी मिळालेली नव्हती. वर्ष होत आले होते. अर्ज पाठवी, उत्तरे येत नसत. उशिरा उठे, खाली येऊन कॉफी घेई, पुन्हा वर जाई. घरात त्याविषयी कोणी काही बोलत नसे, आणि न बोलणे दिवसेंदिवस जड होत चालले होते. एका संध्याकाळी आम्ही तिघे खेळत असताना मुलगा कामावरून आला आणि सोफ्यामागे उभा राहिला. पडद्यावर अ‍ॅलेक्स आईशी बोलत होता. मुलगा जरा वेळ पाहून म्हणाला, "बरं चाललंय याचं. डिग्री घेऊन आईच्या जिवावर."

नातवाने हातातले यंत्र हळूच टेबलावर ठेवले आणि तो जिना चढून गेला. नात बापाकडे अशी बघत राहिली की त्याने टायची गाठ सैल करायचे सोडून दिले. त्या रात्री पाच पाने मांडली आणि चौघे जेवलो.

मग मला उमगले की माझ्या नातवाला त्या अ‍ॅलेक्सचा एवढा राग का. परक्याचा इतका राग येत नाही.

तीन-चार दिवस असेच गेले. शनिवारी दुपारी नात एकटीच खेळत होती, मी शेजारी वाटाणे सोलत होते. अ‍ॅलेक्स संगणकापुढे बसून कोणा अनोळखी लोकांशी लेखी गप्पा मारत होता, तेव्हाचे ते जाड पाठीचे, भिंतीएवढे संगणक. मुलगा आत आला. पडद्याकडे पाहून थांबला, आणि खुर्ची ओढून बसला.

"हे कुठल्या साली?"

"1999," नात म्हणाली.

"असाच होता माझा. इथूनच पंधरा मैलांवर."

तो न्यू जर्सीत आला तो 1998 मध्ये, त्याच 'वाय टू के' च्या कामासाठी. तरुण वाचकांना सांगते: जुन्या संगणकांत जागेच्या काटकसरीपायी साल दोनच आकड्यांत लिहीत, 98, 99 असे. मग 2000 उजाडले की यंत्रे 00 वाचणार आणि 1900 समजणार, बँकांचे व्याज, विम्याचे हप्ते, सगळ्याचा घोळ होणार, अशी धास्ती होती. लक्षावधी ओळी तपासून त्या दुरुस्त करायला माणसे हवी होती, आणि ती भारतातून गेली. आमच्या एका इमारतीतून तीन मुले गेली.

"31 डिसेंबरला आम्ही सगळे ऑफिसात होतो," मुलगा सांगू लागला. "दुपारी दीड वाजता भारतात बारा वाजले. मी आईला फोन केला."

तो फोन मला आठवत होता. ठाण्याला रात्रीचे बारा, रस्त्यावर फटाके, आणि हा विचारतो, "आई, दिवे आहेत ना?" मी म्हटले, आहेत. "नळाला पाणी आहे?" मी म्हटले, रात्री बाराला आपल्या नळाला पाणी कधी होतं? तो इतका हसला की मला वाटले याला काहीतरी झाले आहे.

"मग मध्यरात्री?" नातीने विचारले.

"मध्यरात्री काही नाही. पिझ्झा खाल्ला. पडद्यावर तारीख बदलली. सगळे टाळ्या वाजवून घरी गेले." तो थोडा थांबला. "आणि मग कामच संपलं."

पुढचे मला ठाऊक नव्हते. 2001 मध्ये तो सात महिने बिनकामाचा होता. कंपनीच्या कागदावर नोकर, पण पगार बंद. तिकडे त्याला 'बेंच'वर बसणे म्हणत. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. सूनबाई मुलांना सांभाळायला एका घरी जाई, आणि हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दर रविवारी मला फोन करी. मी विचारी, काम कसे आहे? तो म्हणे, खूप आहे.

मी वाटाण्यांकडे बघत राहिले. चोवीस वर्षांपूर्वीचे खोटे. त्यावर रागवायचे तरी कसे? सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "डबासुद्धा न्यायचे, आई. मी भरून द्यायची."

जिन्यावर पायरी वाजली. नातू वरच्या पायरीवर बसलेला होता. किती वेळ, कोण जाणे. बापलेक एकमेकांकडे पाहून काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. नातू खाली आला, बहिणीच्या हातातून यंत्र घेतले आणि बापापुढे धरले. "बाबा, तुम्ही करा. रंगीत भागावर बटण दाबायचं."

माझ्या मुलाने 1999 सालच्या यंत्रांच्या लक्षावधी ओळी दुरुस्त केल्या असतील, पण तबकडीचा वार त्यालाही साधेना. तीनदा हरला. "हे फार लांबतं रे," तो म्हणाला.

"तेच तर मी सांगतोय!" नातू ओरडला. "ही तर सुधारलेली आवृत्ती!"

पुढचे दोन आठवडे रात्री जेवणे उरकली की चौघांची बैठक बसे. शेवट शेवट तर गोष्ट इतकी चक्रावते की कोण कुठल्या जगातला याचा पत्ता मला लागेना. अ‍ॅलेक्स पडद्यातून बाहेर, थेट खेळणाऱ्यालाच साद घालतो. नातीच्या डोळ्यांत पाणी होते. नातू उशीत तोंड घालून हसत होता. मुलाला मध्येच झोप लागली होती. मला विचाराल तर शेवटचा भाग अर्ध्याने कमी करायला हवा होता. पण ते संगीत मी अजून गुणगुणते, आणि बिनचेहऱ्याच्या त्या आकृत्या लिफ्टमध्ये शिरताना दिसतात म्हणून अजून लिफ्टने एकटी जात नाही.

नातवाने आपले मत बदलले नाही. खेळ वाईटच, असे तो शेवटच्या दिवशीही म्हणाला. फक्त अ‍ॅलेक्सबद्दल म्हणाला, "त्याला कुणीतरी कामाला लावायला हवं होतं, एवढंच."

ऑगस्टमध्ये मी निघायच्या आधी मुलांसाठी चिवडा करून ठेवावा म्हटले. यादी लिहून नातवाच्या हाती दिली आणि त्याला ओक ट्री रोडवरच्या दुकानात पाठवले. यादी देवनागरीत. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत गेलेला आहे, तेवढे वाचता येते. दाराशी थांबून तो म्हणाला, "आजी, मांजर आलं तर?"

मांजर आले नाही. कढीपत्ता, डाळे, खोबरे, हिंग, सगळे बरोबर आणले. पोह्यांपुढे मी 'पातळ' असे लिहून खाली रेघ मारली होती, तरी जाड घेऊन आला. त्याचे मग कांदेपोहे केले.